पोटासाठी लावलेला दिवा

जालना जिल्ह्यातील आपल्या कित्येक वाचकांनी समुद्र पाहिला नसेल. तथापि १०४ व्या स्तोत्रात समुद्रातील अगणित जीवांचे जे वर्णन आहे, ते त्यांच्या परिचयाचे आहे. त्यांपैकी अगदी खोल पाण्यात राहणाऱ्या जीवांचा विचार करू लागले असता नीतीचा एक प्रश्न उभा राहतो.

१८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे जहाज बांधण्यात आले. १८८८ पासून १८९२ पर्यंत डॉ. अल्कॉक हे त्यावर वैद्य व सृष्टिशास्त्रज्ञ होते. त्या जहाजावरून आपल्या देशाच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत खोल जाळी सोडून पुष्कळ विलक्षण प्राणी वर काढण्यात आले.

सुमारे १००० मीटर खाली सूर्याचा उजेड पोहोचत नाही, आणि तेथील दाब भूमीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट असतो. तरी तेथील मासे चिरडून जात नाहीत. कारण पुष्कळांच्या शरीरात हवेची पोकळी नसते, आणि आतला व बाहेरचा दाब सारखा राहतो. अन्न मात्र फार थोडे: वरून गळणारे मृत जीवांचे कण, नाहीतर एकमेकांचे मांस.

तेथील एका माशाच्या मादीच्या कपाळावर गळाच्या काठीसारखा अवयव असतो, व त्याच्या टोकास सूक्ष्म जंतूंच्या योगाने उजेड पडतो. त्या उजेडास भुलून जवळ आलेला जीव गिळला जातो. आपल्या अरबी समुद्रातील कंदील-मासे दिवसा प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या खोल पाण्यात राहतात व रात्री अन्नासाठी वर येतात. त्यांच्या पोटावरील दिवे वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडाशी असे मिळून जातात की, खालच्या शत्रूस त्यांची सावली दिसत नाही. एकाचा दिवा फसविण्यासाठी, दुसऱ्याचा लपण्यासाठी.

मग कोणी विचारील, देवाने निर्मिलेला मासाच जर पोटासाठी फसवितो, तर मनुष्याने तसे केल्यास दोष कोणता?

उत्तर असे की, मासा फसवीत नाही. ज्यास खरे बोलता येते तोच खोटे बोलू शकतो. माशास दुसरा मार्ग दिलेला नाही, आणि समोरचा जीव आपला शेजारी आहे हे त्यास ठाऊक नाही. आपणांस दोन्ही ठाऊक आहेत. गावात ज्यास वाचता येते, त्याच्या हाती दिवा आहे. निरक्षर विधवेचा कर्जाचा कागद वाचताना तो एक ओळ गाळील, तर त्याने गळाचाच दिवा लावला. खरे वाचून दाखविण्याचे भय वाटून तो गप्प बसेल, तर त्याने लपण्याचा दिवा लावला. ‘पोटासाठी केले’ हे माशाचे उत्तर होईल, मनुष्याचे नव्हे.

तरी भूक लहान गोष्ट नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, व गावेच्या गावे टँकरच्या पाण्यावर जगली. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात भुकेल्या चोराविषयी दया आहे, आणि भरपाईची आज्ञाही आहे. दोन्ही आपण एकत्र धरावीत. ज्याने चुकविले त्याने परत करावे. आणि ज्यांच्या घरी धान्य आहे, त्यांनी त्यास दोष देण्यापूर्वी स्वतःस विचारावे की, तो इतक्या खोल अंधारात उतरत असता आपण त्याच्या दारी एकदा तरी गेलो होतो काय?