शंकासमाधान : लग्नातली वाइन आणि प्रभुभोजनाचा पेला

प्रश्न : आम्ही भिलाई-३ ला राहतो. सासरे अहमदनगरकडच्या मिशनच्या मंडळीतले, पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आले. घरात दारूचा थेंब नको, हा त्यांचा नेम. आता मुलाचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलीशी ठरलंय. व्याही म्हणतात, इथल्या रिसेप्शनला वाइन तरी हवीच. येशूने कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केलाच ना? आमचे पाळक तर दारूला पाप म्हणतात. कोणाचं ऐकावं?

उत्तर : ताई, व्याह्यांचा दाखला खरा आहे, तो नाकारू नका. योहानाच्या दुसऱ्या अध्यायातले सहा रांजण मिळून पाचशे लिटरांच्या आसपास भरतात. ते नुसतं द्राक्षांचं सरबत होतं, हे म्हणणं मला ओढूनताणून केलेलं वाटतं. पौलही तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. शास्त्राचा कडक निषेध आहे तो झिंगण्याला. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय आणि नीतिसूत्रांचा तेविसावा वाचा. घोटभर वाइन घेणारा व्याही पापी, असं तुमच्या तोंडून निघू नये.

मात्र काना गावाचं नाव पुढे करून व्हिस्कीची पेटी फोडायची, हे मला मान्य नाही. तो द्राक्षारस आंबवलेला असे, गाळलेला नव्हे. त्या काळी पाणी घालून पिण्याचीही रीत होती. आज पव्व्यातली व्हिस्की ४२.८ टक्के मद्यार्काची असते.

सासऱ्यांच्या नेमालाही मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाई १८८० च्या दशकात अमेरिकेत असताना तिथल्या ख्रिस्ती महिलांच्या मद्यनिषेध संघाशी जोडल्या गेल्या. नवऱ्याच्या पिण्यापायी बायकामुलांची होणारी परवड त्या बायकांनी पाहिली होती. तो नेम दहा आज्ञांत नाही, पण शेजाऱ्यावरच्या प्रेमातून आला आहे, आणि म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

आता तुमचा मांडव. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो, माझ्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळत असेल तर मी ते सोडावं. तुमच्या पंगतीला शिफ्ट संपवून आलेले सोबती असतील, मोठ्या कष्टाने बाटली सोडलेले कोणी असतील, आणि त्यांच्या बायका जीव मुठीत धरून बसतील. त्यांच्यासाठी भिलाईच्या रिसेप्शनला वाइन ठेवू नका. हे पाळकांकरवी कळवू नका. पत्रिका छापण्याआधी तुम्हीच विहीणबाईंशी बोला. वसईला त्यांच्या घरच्या कार्यात त्यांची रीत असू द्या. तिथे आनंदाने जेवा, ग्लास नम्रपणे नाकारा. आणि मुलाला काय वाटतं, हे पत्रात कुठेच नाही. आधी त्याला विचारा.

प्रश्न : यजमानांनी दारू सोडली आहे. प्रभुभोजनाच्या पेल्याचीही त्यांना धास्ती वाटते. काय करावं?

उत्तर : ती धास्ती अविश्वास नव्हे, शहाणपण आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून, न आंबता टिकवला, तो प्रभुभोजनासाठीच. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या आज असाच रस देतात. तुमच्याकडे काय देतात, ते विचारून घ्या. कॅथलिक असाल तर केवळ भाकर स्वीकारली तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच आहे, अशी चर्चची शिकवण आहे. पाळकांना किंवा फादरना आठवड्यातल्या एखाद्या दिवशी घरी भेटा. रविवारी चर्चच्या दारात, चारचौघांत बोलण्याची ही गोष्ट नाही.