हात बसण्याआधीची संमती

बालवयात वाद्य हाती आलेल्या मुलाने ते स्वतः निवडलेले नसते, आणि निवडण्याइतकी समज येईपर्यंत थांबावे, तर हाताला वळण लागण्याचा उत्तम काळ बराचसा सरून जातो. हा पेच परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, पूर्णेकाठच्या येलदरीसारख्या गावी, पखवाजाच्या निमित्ताने विशेष स्पष्ट होतो. कारण अशा गावातील मुलाला वाद्य प्रथम भेटते ते संगीतविद्यालयात नव्हे, तर हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवस चालणाऱ्या भजन-कीर्तनाच्या सोहळ्यात. या पेचाच्या दोन बाजू दोघांच्या मुखी घालता येतील: एक वारकरी पखवाजवादक, ज्यांना गाव महाराज म्हणते, आणि दुसरे शाळेतील गुरुजी.

"डाव्या तोंडावर कणीक किती लावायची, उजवीकडच्या शाईवर, म्हणजे काळ्या लेपावर, पंजा कधी टेकवायचा आणि कधी उचलायचा, हे सांगून समजत नाही, गुरुजी," महाराज म्हणतात. "सातव्या-आठव्या वर्षी संथा, म्हणजे गुरूपुढचे पाठ, सुरू झाली, की थाप, म्हणजे उघड्या पंजाचा घुमणारा आघात, पुढे विचार न करता जागेवर पडते."

गुरुजी हे नाकारत नाहीत. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा अधिक जागा मिळालेली असते आणि लहानपणी आरंभ केलेल्यांमध्ये हा फरक मोठा असतो, असे जर्मनीतील संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिले होते, याची ते आठवण करून देतात. "पण भय नेमके इथेच आहे, महाराज. ज्या मनाने उद्या वाद्याची आवड सांगायची, ते मनच आज रियाजातून घडते आहे. मग त्या आवडीला संमती कसे म्हणावे? पूर्णेवर धरण झाल्यावर जन्मलेल्याला नदीचे मूळ पात्र आठवत नाही, तसे या मुलाला वाद्याआधीचे आपले मन आठवणार नाही."

"मातृभाषा तरी कोणी निवडली?" महाराज विचारतात.

"भाषेसाठी झोपाळू लेकराला पहाटे उठवून बसवावे लागत नाही."

या ठिकाणी गुरुजींचे पारडे जड होते, असेच म्हणावे लागते. कारण सहज लाभणारा संस्कार आणि आग्रहाने घडवलेले कौशल्य यांत मुलाच्या थकव्याचे अंतर असते, आणि त्या थकव्याचा हिशेब घराण्यांच्या इतिहासात क्वचितच सापडतो. भजनाच्या साथीत मुरलेला पखवाज मैफलीच्या मंचावर नेणारे मराठवाड्याचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचे नाव महाराज अभिमानाने घेतात, तेव्हा गुरुजी आदराने मान लववतात. मात्र ज्यांचे नाव झाले त्यांनाच बालपणाबद्दल विचारले जाते, मध्येच उठून गेलेल्यांना नाही, असेही ते नोंदवतात.

मग गुरुजी पंडित रविशंकरांचे उदाहरण पुढे ठेवतात: मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे 1938 मध्ये सतारीची कठोर तालीम सुरू झाली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि नृत्याचे झगमगते जग त्यांनी स्वतः सोडले होते. यावर महाराजांचे उत्तर मार्मिक आहे. थोरले बंधू उदय शंकर यांच्या नृत्यसंचात किशोर वय घालवलेल्या मुलाचा कान आधीच तयार होता. उशिरा सुरू झाला तो फक्त हात. कान आणि हात यांतला हा भेद संवादाला नवे वळण देतो, कारण सप्ताहात आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचा कान कोणत्याही सक्तीशिवाय घडतो, तेव्हा हातापुरते तरी त्याला विचारता येईल.

"सात वर्षांचे पोर काय सांगणार?"

"होकार सांगता येणार नाही, महाराज, नकार सांगता येतो. नववीतला मुलगा पखवाज बंद करतो म्हणाला, तर त्याला तुमच्या ओसरीवर पूर्वीसारखेच येता येईल का?"

महाराजांना हा प्रश्न लागतो. सोडून गेलेला एक शिष्य आजही सप्ताहात मागे बसतो आणि त्याची बोटे गुडघ्यावर नेमकी समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला पडतात, असे ते सांगतात; विद्या वाया गेली नाही, याचा हा त्यांच्या लेखी पुरावा आहे.

"तो आनंद आहे, की नुसती सवय?" गुरुजी विचारतात.

महाराज बराच वेळ बोलत नाहीत. "ते त्यालाच विचारावे लागेल," ते अखेर म्हणतात, "आणि आजवर विचारलेले नाही."