शिकाऱ्याचे पाणी

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लायनफिश असला की पाहुणे त्याचे पंख न्याहाळतात, काट्यांतल्या विषाबद्दल विचारतात, मग किंमत विचारतात. खालच्या कपाटात काय आहे, हे कोणी विचारत नाही. ते कळते पंप बंद पडल्यावर. व्यवस्थेची ओळख माणसाला बहुधा तिच्या बिघाडातून होते.

पाणी नितळ दिसते, म्हणून स्वच्छ वाटते. अमोनियाला रंग नाही. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतो, सहज आणि सतत. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो. सामू जास्त असला की अमोनिया अधिक विषारी होतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून गेले असते एवढे त्याचे प्रमाण इथे घातक ठरते. दिसणारा गाळ फार तर ओंगळ असतो. मारते ते न दिसणारे. काही घरांत सगळे मृदू बोलतात आणि तरी तिथे जीव गुदमरतो. अशा एका घराचा मला परिचय आहे.

लायनफिश, गोबरा, मोरे ईल यांना रोज खायला लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पोटभर मिळाले की पुरे. त्यामुळे ते मिताहारी वाटतात. पण एका जेवणात पोटात गेलेल्या प्रथिनाचा हिशेब पाण्याला एकदम चुकता करावा लागतो. ईल तर मांस फाडून खातो. सुटलेले तुकडे खडकांच्या फटीत सडतात. म्हणून जाणकार फिल्टर निवडताना केवळ टाकीचे लिटर मोजत नाहीत, मासा किती खाईल ते पाहतात. माणसाला आपण हुद्द्याने मोजतो. भुकेने मोजणे अधिक अचूक झाले असते, पण ते अशिष्ट दिसते.

शांत माशांच्या टाकीत सफाईला कोळंबी असते, गोगलगायी असतात, शंखात राहणारे खेकडे असतात. उरलेसुरले ते वेचून खातात. शिकारी माशाजवळ सोडले तर बहुधा तेच त्याचे खाद्य होतात. म्हणून तिथे यंत्राची गरज अधिक. जो आपल्या सेवकांना खातो, त्याचे घर पुढे निर्विकार व्यवस्थेच्या हाती जाते. ती त्याच्यावर प्रेम करत नाही. त्याला ते जाणवतही नाही.

त्या घरात निर्धास्त राहतात ते जिवाणू. शिकार होण्याइतके ते मोठे नाहीत, हेच त्यांचे अभय. खडकाच्या छिद्रांत आणि फिल्टरमध्ये त्यांची वस्ती. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास त्यांचे हे काम उलगडले. त्यांची वाढ सावकाश होते. वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासा सोडत नाहीत, मोजून अमोनियाचे थेंब घालतात. मालक यायचा असतो. त्याची घाण आधी येऊन पोचते. हे हास्यास्पद वाटते, पण रीत हीच. ज्यांना धीर नसतो त्यांचे मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात, आणि दोष दुकानदाराला मिळतो.

प्रोटीन स्किमरची युक्ती साधी आहे. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे. विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये त्यांना चिकटतात, फेस वर चढतो, कपात तपकिरी दुर्गंधी द्रव साचतो. सडण्याआधीच घाण बाहेर. मात्र कप कोणीतरी धुवावा लागतो. तो कोण धुतो, यावरून घरातला अधिकार कळतो.

विल्यम आल्फर्ड लॉइड याने 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारले. प्रेक्षकांना दिसत होत्या त्या टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी त्याने खाली, अंधारात साठवले होते. ते पंपाने सतत वर-खाली फिरत असे. जे दाखवायचे, त्याच्या मागे न दाखवण्याजोगे पुष्कळ असावे लागते, हे त्याने ओळखले होते. आजचा ग्राहक मोठी काच मागतो. फिल्टरला जागा उरली तर पाहू, म्हणतो.

इतके करूनही नायट्रेट उरतेच. थोडे शैवाल ओढून घेते. बाकीचे पाण्याबरोबर काढून टाकायचे आणि तेवढेच नवे खारे पाणी घालायचे. किती आणि कितीदा, यावर पाळणाऱ्यांचे एकमत होत नाही. मासा मात्र वाढत राहतो. बोटभर आणलेला गोबरा हातभर होतो, आणि सुरुवातीला पुरून उरणारा फिल्टर अपुरा पडतो. मग दुसरा फिल्टर येतो. गोबरा परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो.