पुस्तकं आणलीस, ग्रंथालय कुठे आहे?

बस समोर. लॅपटॉप उघड आणि मला एवढंच दाखव: यातली कोणती पुस्तकं तू वाचलीस, कोणती प्रबंधासाठी बाजूला काढली होतीस, कुठल्या पुस्तकावर काय शेरा लिहिला होतास? नाही ना दाखवता येत? जुन्या संगणकावरच्या सगळ्या ईपब आणि पीडीएफ शोधल्यास, एका फोल्डरमध्ये ओतल्यास आणि नव्या लॅपटॉपवरच्या कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ढकलून दिल्यास. आता लेखकाच्या रकान्यात ‘अननोन’ आणि शीर्षकाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ असं दिसतंय. एकाच पुस्तकाची ईपब एकीकडे, पीडीएफ दुसरीकडे. आणि वर मला सांगतोस, सॉफ्टवेअरने घोळ घातला! घोळ तू घातलास.

ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी आहेस तू. ग्रंथालय नव्या इमारतीत हलवताना कोणी पुस्तकं ट्रकमध्ये भरून दाखल नोंदवही रद्दीत घातली, तर त्याला काय म्हणशील? तेच तू केलंस. कॅलिबरच्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ‘मेटाडेटा डॉट डीबी’ नावाची फाइल असते. तू दिलेले टॅग, तारे, शेरे, स्वतः तयार केलेले रकाने, सगळं तिच्यात असतं. लेखकाचं नाव तू दुरुस्त केलंस, तरी ते लगेच मूळ ईपबच्या आत लिहिलं जात नाही; या फाइलमध्ये जातं. म्हणून नुसत्या ईपब उचलल्यास तेव्हा तुझी सगळी मेहनत मागे राहिली. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे १९३१चे पाच नियम परीक्षेत घडाघडा लिहिलेस. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. इथे वाचक तूच आहेस, आणि तुझ्याच वेळेची तू माती केलीस.

माझा खरा संताप पुढच्या गोष्टीवर आहे. नवीन ठिकाणी काय आलं, काय नाही, हे न बघता जुना संगणक फॉरमॅट करून भावाला द्यायला निघाला होतास. पुस्तकांची एकूण संख्या जुळवून पाहायला किती वेळ लागतो? पाच-दहा पुस्तकं उघडून बघायला? २००९ मध्ये ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून ऑरवेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ परस्पर काढून घेतली, तेव्हा जगभर ओरड झाली. २०२५च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोय बंद केली. तुझा संग्रह मात्र तुझ्या स्वतःच्या डिस्कवर आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही. मग तो सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची असेल?

जुना संगणक अजून घरात आहे, हे तुझं नशीब. त्यातली एकही फाइल पुसायची नाही. त्यावरचं कॅलिबर उघड, लायब्ररीच्या बटणावर उजवी क्लिक कर. तिथे सगळा डेटा निर्यात-आयात करण्याचा पर्याय आहे. त्याने लायब्ररीबरोबर सेटिंग आणि प्लगइनही येतात. ते जमत नसेल तर कॅलिबर बंद करून लायब्ररीचा आख्खा फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर घे, तिथून नव्या लॅपटॉपवर आण आणि कॅलिबरला तो दाखव. आतल्या फोल्डरची नावं बदलायची नाहीत, फाइली हलवायच्या नाहीत. डीबी फाइल खराब निघाली तरी हातपाय गाळू नकोस. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये ओपीएफ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात त्या पुस्तकाच्या नोंदीची प्रत असते. ‘रिस्टोअर डेटाबेस’ तिच्यावरूनच नोंदी पुन्हा उभ्या करतं. आणि ती लायब्ररी ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवून दोन्ही संगणकांवरून एकदम उघडायचा जो बेत तू मघाशी सांगितलास, तो आत्ताच सोडून दे. अशाने डेटाबेस बिघडतो. कॅलिबर बनवणारे स्वतःच तसं करू नका म्हणतात.

मी चिडलोय, कारण त्या शेऱ्यांतले काही मी वाचले आहेत. ते प्रबंधाच्या दर्जाचे आहेत आणि ते तुला पुन्हा तसेच लिहिता येणार नाहीत. हे सगळं करून सोमवारी लॅपटॉप घेऊन ये. मी स्वतः पुस्तकं उघडून तपासणार आहे. तोवर जुना संगणक कोणालाही द्यायचा नाही.