माशीची ‘सवय’ आणि आपला वाटा

पेडणे-डिचोलीकडच्या गोठ्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: “माश्यांना आता औषधाची सवय झाली.” आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. पहिल्या वर्षी गुणकारी ठरलेले औषध तिसऱ्या वर्षी दुप्पट मात्रेनेही गाईच्या पाठीवरच्या माश्या हलवीना, तेव्हा आम्ही दुकानदारावर भेसळीचा आळ घेतला. तो अन्याय होता, असे आता वाटते.

‘सवय’ हा शब्दच फसवा आहे. सवय लागायला तोच जीव जगावा लागतो. येथे मरणारा एक आणि जगणारा दुसरा. कोणतीही माशी विष पचवायला शिकत नाही. थोड्या जन्मतःच तशा असतात. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना छळणाऱ्या माशीचे संग्रहालयांत टाचून ठेवलेले जुने नमुने तपासले गेले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. तेथे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके १९५० च्या सुमारास आली. त्याआधीच्या माश्यांतही मॅलॅथिऑन निष्प्रभ करणारा जनुकबदल आढळला. (डायझिनॉनला पुरून उरणारा दुसरा बदल मात्र त्या नमुन्यांत मिळाला नाही.) विषाआधी उतारा हजर होता. ज्यांच्यापाशी तो नव्हता त्यांना मारून माणसाने उरलेल्यांना रान मोकळे करून दिले.

मग हा निसर्गाचाच खेळ, दोष कोणाचाच नाही, असे म्हणावे काय? येथे आम्ही अडखळतो. डीडीटी माशीच्या मज्जातंतूंतील सोडियमच्या दारावर आघात करते. डेल्टामेथ्रीनसारखी आजची औषधेही त्याच दारावर. त्या दाराच्या घडणीत १०१४ व्या जागी ल्युसिनऐवजी फेनिलअलॅनिन आले की दोन्ही विषे दुबळी पडतात. घरमाशीतला हा बदल १९९६ साली उलगडला. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात १९४६-४७ च्या सुमारासच दिसल्या होत्या. म्हणजे आजोबांच्या काळातील फवाऱ्याने नातवाचे औषध, ते जन्मण्याआधीच, काही अंशी खर्चून टाकले. आजोबांना हे ठाऊक नव्हते. आम्हाला आहे.

विषाने माशी मरते, ही तिची दुर्बलता खरे पाहता गावकरीच्या जमिनीसारखी सामायिक ठेव आहे. आपल्या गोठ्यात वाचलेली माशी शेजाऱ्याच्या उकिरड्यात अंडी घालते. कुंपण तिला ठाऊक नसते. पण ज्याची एकुलती एक दुभती गाय माश्यांनी हैराण होऊन दूध आटवते, त्याला “आज फवारू नकोस” असे कोणत्या तोंडाने सांगावे? २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीने गुरे दगावत होती आणि तो रोग चावणाऱ्या माश्या-डासांतून पसरतो. तेव्हा असा उपदेश निर्दयपणाच ठरला असता. शेण रोज उचलणे, उकिरडा गोठ्यापासून दूर नेणे, यांत मात्र घामाखेरीज कोणाचे काही खर्च होत नाही.

यंदाची बाटली आमच्या फळीवर अजून बंद आहे. वासराच्या डोळ्यांभोवती माश्या फारच दाटल्या तर ती उघडावी लागेल. त्याआधी शेजारच्या दोन्ही गोठ्यांत जाऊन, तुम्ही कोणते औषध आणि केव्हा मारले, हे विचारायचे आम्ही ठरवले आहे. इतकी वर्षे ते कधी विचारले नव्हते.