सर्व खर्च धरून

प्रवासास निघण्यापूर्वीच तेथील राहण्याजेवणाची, चहाफराळाची आणि हिंडण्याफिरण्याची किंमत एकदम चुकती करून टाकावी आणि मग परत येईपर्यंत खिशाला हात लावू नये, ही जी अलीकडे रूढ झालेली सोय, ती मनुष्यास अधिक स्वतंत्र करते की अधिक परतंत्र, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या घरात चार दिवस त्याचा खल झाला, आणि त्यात आमचा जो पराभव झाला, त्यामुळे तो आम्हांस पुन्हा तपासून पाहावा लागला.

निमित्त झाले टिपेश्वरचे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ असलेले हे सुमारे 148 चौरस किलोमीटरांचे अभयारण्य आता वाघांसाठी प्रसिद्ध आहे. अशा अरण्यांच्या कडेने जी विश्रामस्थाने उभी राहिली आहेत, त्यांच्या दरपत्रकांची परिभाषा मोठी मौजेची असते. नुसती खोली घेतली तर तो ‘युरोपियन प्लॅन’. सकाळची न्याहारी धरली तर ‘कॉन्टिनेंटल’. तिन्ही वेळचे खाणे धरले तर ‘अमेरिकन’. आणि जेवणाबरोबर अरण्यातील फेऱ्याही धरल्या तर ‘जंगल प्लॅन’. चारांपैकी एकाच योजनेचे नाव आपल्या मातीतले, आणि नेमकी तीच सर्वांत महाग!

आमचे मत या चौथ्या योजनेच्या साफ विरुद्ध होते. प्रवास म्हणजे अनिश्चिताशी गाठ. स्टँडवर उतरावे, रस्ता विचारावा, मिळेल तेथे पिठलेभाकरी खावी, यातच त्याचे सार. ज्यास पैसे देण्याघेण्याचेही कारण उरले नाही, त्यास त्या गावातील माणसाशी बोलण्याचेही कारण उरत नाही. शिवाय आगाऊ पैसे भरलेला मनुष्य भुकेने जेवत नाही, वसुलीसाठी जेवतो. त्याच्या इच्छेची जागा हिशेब घेतो. आमच्या म्हणण्यास बळकटी यावी म्हणून आम्ही टिपेश्वरच्याच एका वाघाचा दाखला दिला. गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला हा वाघ 2019 साली अभयारण्य सोडून निघाला आणि शेते, नाले, हमरस्ते ओलांडीत पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कोणती योजना घेऊन?

“तो काही हौसेने नाही गेला,” सौभाग्यवती म्हणाल्या, “त्याला इथे हक्काची जागा मिळाली नाही, म्हणून गेला. आणि तुम्ही ज्याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणता ना, त्याला मी काम म्हणते. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, हे सत्तावीस वर्षे मीच ठरवते आहे. चार दिवस मला कोणी काही विचारले नाही, तर तेच माझे स्वातंत्र्य.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. तयार ताटाचा तिटकारा त्यालाच परवडतो, ज्याच्यापुढे ताट नित्य तयार असते. आम्ही सत्तावीस वर्षे जंगल प्लॅनवरच राहत आलो, आणि तोही आगाऊ भरणा न करता! ॲरिस्टॉटलने निवांतपणास सर्व उद्योगांचे साध्य मानले. परंतु त्याच्या निवांत नागरिकाची चूल दासांच्या हाती होती. आम्ही त्याचा निवांतपणाचा विचार वर्गात किती वेळा शिकविला असेल! ती चूल मात्र कधी नजरेसमोर आली नाही.

आगाऊ भरणा ही काही नवी अधोगतीही नव्हे. 1841 च्या जुलैत टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोस सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, ती माणशी एक शिलिंग घेऊन, आणि तीही मद्यनिषेधाच्या सभेसाठी. (आज समुद्रकाठच्या कित्येक विश्रामस्थानांच्या दरात मद्य हवे तितके धरलेले असते, हे पाहून बिचाऱ्यास काय वाटले असते!) आपल्याकडे दिंडीबरोबर जाणारा वारकरी आगाऊ भिशी भरतो आणि जेवणाच्या व मुक्कामाच्या चिंतेतून सुटतो. त्यास परतंत्र कोण म्हणेल? सुटलेले मन तो भजनास देतो. मात्र दिंडीच्या वाटेला कुंपण नसते. वाटेवरचे गाव तिला पाणी देते, भाकरी देते, पाया पडते; आणि वारकरीही उलट त्याच्या पाया पडतो. भिशी भरल्याने त्याचे कोणाचेच देणे फिटत नाही.

आम्ही गेलो, अर्थात जंगल प्लॅनवर. पहिले दोन दिवस सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराकडे पाहिलेही नाही, आणि इतक्या वर्षांत आम्ही त्यांस एवढ्या निर्वेध झोपलेल्या पाहिल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी खोली झाडावयास आलेल्या जवळच्या गावातील बाईंस त्यांनी विचारले, “तुमच्या घरचा स्वयंपाक कोण करते?”

“मीच करतो ना बाई, सकायी उठून. इथं आठला यावं लागते.”

सौभाग्यवतींनी त्यांस बसावयास सांगितले. त्या बसल्या नाहीत. बक्षिसीही दरात धरलेली आहे, वेगळी देऊ नये, अशी पाटी भिंतीवर होती. कामास मोल आहे, वेळेस मर्यादा आहे, एवढे तरी त्या बाईंच्या वाट्यास आले होते. आमच्या घरातील चुलीस तेवढेही नव्हते, हे आम्ही मनाशी मान्य केले. तरीही त्या पाटीकडे आमचे लक्ष पुनःपुन्हा जाई. सर्व खर्च धरला आहे, याचा अर्थ आभारही धरले आहेत काय? त्या दिवशी आम्ही आपली चहाची भांडी स्वतः विसळून ठेवली, तेव्हा ‘राहू द्या, साहेब’ म्हणून त्या संकोचल्या. आमच्या त्या उपकाराने त्यांच्या कामात अडचण मात्र झाली.

परतताना पांढरकवड्याच्या स्टँडवर आम्ही दोघांनी चहा घेतला. तीन दिवसांत प्रथमच खिशात हात घातला, तर सुटे पैसे पाच रुपयांनी कमी पडले. “असू द्या, पुढच्या वेळी द्या,” असे म्हणून चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते पाच रुपये अद्याप द्यावयाचे आहेत.