क्ष-किरण, मौन आणि सत्य

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरील अंगठी पाहून आपण आपला मृत्यूच पाहिला, असे ती म्हणाल्याचे सांगतात. एकाच चित्रात पतीला निसर्गाचे नवे रहस्य दिसले, तर पत्नीला मरण. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील हे अंतर आजही प्रत्येक क्ष-किरण कक्षात कायम आहे.

बारावीनंतर क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रारंभी शरीररचना, किरणांचे गुणधर्म आणि रुग्णसेवा हे विषय शिकावे लागतात. छातीचा फोटो घेताना रुग्णाची छाती प्लेटला टेकवावी, खांदे पुढे घ्यावेत, दीर्घ श्वास रोखून धरायला सांगावे. यंत्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता एकचतुर्थांश होते. स्त्री रुग्णास ती गरोदर आहे काय, हे आधी विचारावे. हे सारे अभ्यासाने साधते. परंतु फोटो निघाल्यावर रुग्ण जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर सहज सापडत नाही.

गोंडपिपरीच्या परिसरात मराठी, गोंडी आणि तेलुगू या भाषा कानी पडतात. एखादी वृद्धा महिनाभराच्या खोकल्याने बेजार होऊन छातीचा फोटो काढायला येते, असे समजू. पदर सावरीत ती विचारते, “काय दिसलं जी?” तंत्रज्ञाने चित्र पाहिलेले असते. फुप्फुसाच्या वरच्या भागातील पांढरी सावली त्याच्या नजरेतून सुटलेली नसते. तरीही निदान सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, तुझे नव्हे, असेच त्याला शिकविलेले असते. मग त्याचे हे मौन म्हणजे असत्य होय काय?

मौनाच्या बाजूने सबळ कारण आहे. सावली म्हणजे रोग नव्हे. ती क्षयाची असेल, न्यूमोनियाची असेल, गाठीची असेल किंवा कधीकाळी बऱ्या झालेल्या जखमेचा व्रणही असेल. थुंकीची तपासणी आणि रुग्णाचा पूर्वेतिहास यांवाचून सावलीचा अर्थ लागत नाही. अर्ध्या ज्ञानावर उच्चारलेला ‘क्षय’ हा शब्द एखाद्या सुनेला माहेरी धाडू शकतो. सत्य लपविण्यासाठी खोटे बोलणे निषिद्ध, पण विवेकाने सत्य राखून ठेवणे निषिद्ध नव्हे, असा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी केला आहे. तंत्रज्ञाच्या मौनाला तो लागू पडतो.

पण हा भेद जितका आधार देतो, तितकाच बांधूनही घेतो. “काही नाही आजी, सगळं चांगलं आहे,” असे दयेपोटी म्हणणारा तंत्रज्ञ मौन पाळीत नाही. तो खोटे बोलतो. त्या शब्दांवर विसंबून ती वृद्धा अहवाल न घेताच घरी गेली आणि तिचा आजार क्षय असला, तर तो एकाच घरात निजणाऱ्या नातवंडांनाही जडू शकतो. “डॉक्टरांना विचारा,” एवढेच तुटकपणे सांगणे खोटे नाही, पण त्यात माणुसकी नाही. कोठारी-बल्लारपूरमार्गे चंद्रपूरला जायचे म्हणजे मजुरीचा दिवस मोडतो. कुठे जावे, कुणाला भेटावे हे कळले नाही, तर ती जाणारच नाही.

म्हणून निदानाविषयी गप्प राहण्याचा अधिकार त्यालाच, जो बाकी सर्व स्पष्टपणे सांगतो. “फोटो चांगला निघाला आहे. तो वाचणे डॉक्टरांचे काम. अहवाल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, आजी,” असे तिला कळेल त्या भाषेत सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. आणि जे रुग्णाला सांगायचे नाही, ते डॉक्टरांना त्वरित सांगणे हे दुसरे कर्तव्य. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात अशी रीत सुरू झाली, की शंकास्पद फोटोवर तंत्रज्ञाने लाल ठिपका चिकटवावा. त्या ठिपक्यात निदानाचा दावा नसतो. हा फोटो आधी पाहा, एवढीच विनंती असते. त्याचे मौन अशा रीतीने रुग्णाच्या कामी येते.

मात्र ही जबाबदारी एकट्या तंत्रज्ञाची नव्हे. अहवाल देणारा डॉक्टर आठवडा-आठवडा उपलब्ध नसेल, तर प्रामाणिक तंत्रज्ञाचे मौनही रुग्णाच्या वाट्याला निव्वळ उपेक्षा म्हणूनच येते. २०२१ साली केंद्र सरकारने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याने या व्यवसायाला प्रतिष्ठा दिली. पण जंगलपट्टीतील रुग्णाला वेळेवर उत्तर मिळावे, ही व्यवस्था कायद्याबरोबर आपोआप येत नाही.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी हे शिक्षण घेत असेल, तर यंत्र चालविता येते काय, एवढेच विचारून थांबू नये. “काय दिसलं?” असे रुग्णाने विचारल्यावर तू काय सांगशील, हेही विचारावे.